तीनशे तीस कोण गं?

आई म्हणते
घरचंच खा, पोरी
पाकीट फोड

हा हायकू माझा. आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. आईने तो वाचला, 'फार शहाणी झालीस' म्हणाली आणि आलं-लसूण पेस्टचं पाकीट दाताने फोडून कढईत पिळलं. तुमच्याही घरी थोड्याफार फरकाने हेच चालत असणार. वडापाव बाहेरचा, म्हणून वाईट. पाकिटातला पराठा, पाकिटातलं सूप, पाकिटातला पुलाव मसाला मात्र 'घरचं', कारण ते आपल्या गॅसवर तापतं!

या फ्रिजवरच्या कवितांची सुरुवात मात्र गमतीत झाली नाही. मागच्या महिन्यात बाबांची बीपीची गोळी वाढली. दोन वर्षांपासून डॉक्टर एकच सांगतायत, मीठ कमी करा. त्यामुळे आमच्या ताटातून लोणचं गेलं, पापड गेला, भाजी-आमटी अळणी झाली. तरी आकडा खाली येईना. घरात संशयाचं वातावरण. आईला वाटे, बाबा ऑफिसच्या कँटीनमध्ये काहीतरी खातात. बाबा शपथेवर नाही म्हणत. आणि रोज संध्याकाळी सात वाजता, 'तळलेलं नको, हेल्दी काहीतरी' म्हणून बाबा दोन कप टोमॅटो सूप घेत. पाकिटातलं.

एके दिवशी मी ते पाकीट पलटून वाचायला घेतलं. पत्रकारिता शिकतेय, आता इंटर्नशिपही करतेय, म्हणजे वाचणं हे माझं कामच. पण ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मोबाइलने फोटो काढून, झूम करून वाचलं.

भिंग शोधते
मीठ वाचण्यासाठी
सूपही गार

तेव्हापासून घरात नियम केला. जे पाकीट येईल ते वाचायचं आणि जे कळेल ते पाच-सात-पाच अक्षरांत फ्रिजवर लावायचं. जोडाक्षर एकच मोजायचं. भांडण करायचं तेही याच मापात.

जपानहून आलेल्या दोन गोष्टी

आता हायकूच का? एक तर लेबलासारखीच याच्यातही जागा कमी. दुसरं म्हणजे एक मजेशीर योग. हायकू जपानचा आणि आपल्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटोही जपानचंच.

हायकू मराठीत रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्रे यांची ही मुलगी. वडिलांनी 'झेंडूची फुले'मधून विडंबनाने महाराष्ट्र हसवला आणि मुलीने तीन ओळींत थांबायला शिकवलं. खरं सांगायचं तर आमच्या फ्रिजवर लागतात ते अस्सल हायकू नव्हेतच. हायकूत निसर्ग असतो, ऋतू असतो, एक निसटता क्षण असतो. माणसांच्या रोजच्या फजितीवर तेवढ्याच मापात लिहिलं, तर जपानी लोक त्याला 'सेनर्‍यू' म्हणतात. तिथल्या एका मोठ्या विमा कंपनीने १९८७ मध्ये नोकरदारांसाठी सेनर्‍यूची स्पर्धा सुरू केली. बॉस, बायको, पगार, पोट असे सगळे विषय त्यात येतात. म्हणजे घरातल्या कुरबुरी तीन ओळींत मांडायची सोय त्यांनी आधीच करून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट १९०८ सालची. टोकियोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला, की कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्याला एवढी चव कुठून येते? गोड, आंबट, खारट, कडू यांत ती बसेना. त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याचा सोडियमयुक्त क्षार बाजारात आला. त्या मालाचं नाव 'अजिनोमोटो', म्हणजे चवीचं मूळ. रासायनिक नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, लेबलावरचा नंबर ६२१. आणि आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं नाव? विष.

अजिनोमोटो
विष, म्हणती काका
चिप्स खाताना

नंबर दिसला की घाबरायचं?

माझ्या आजीने मला या सगळ्या भानगडीत सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. मी मोठ्याने वाचत होते, 'अॅसिडिटी रेग्युलेटर ३३०'. ती वाती वळता वळता म्हणाली, 'हा तीनशे तीस कोण गं?' मी शोधून सांगितलं, सायट्रिक अॅसिड. म्हणजे आपलं लिंबूसत्त्व.

आजीचा प्रश्न
तीनशे तीस कोण?
अगं, लिंबूच!

(आता पत्रकार म्हणून एक दुरुस्ती. कारखान्यातलं सायट्रिक अॅसिड लिंबं पिळून काढत नाहीत, साखरेच्या द्रावणात एक बुरशी वाढवून बनवतात. पण रेणू तोच. हे आजीला सांगितलं नाही.)

हे नंबर कुठून येतात, ते आधी समजून घेऊ. कोडेक्स नावाची आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारी यंत्रणा आहे. तिने प्रत्येक पूरक पदार्थाला एक क्रमांक दिलाय, तोच आयएनएस नंबर. युरोपात त्याच्याआधी ई लावतात. साधारण हिशोब असा: शंभरात रंग, दोनशेत टिकवणारे पदार्थ, तीनशेत आंबटपणा सांभाळणारे आणि खवट होऊ न देणारे, चारशेत दाटपणा आणणारे, सहाशेत चव वाढवणारे, साडेनऊशेच्या आसपास साखरेऐवजीची गोडी. या यादीत १०० नंबरवर हळदीचा रंग आहे. ५०० नंबरच्या घरात आपला खायचा सोडा आहे, म्हणजे ढोकळ्यातही 'केमिकल' आहेच. व्हिनेगरमधलं अॅसिटिक अॅसिड २६०.

तेव्हा नंबर आहे म्हणून विष, हे गणित चुकीचं. पण नंबर आहे, परवानगी आहे म्हणजे सगळं कायमचं ठीक, हेही तितकंच चुकीचं.

पोटॅशियम ब्रोमेटचं उदाहरण घ्या. पाव फुगण्यासाठी ते पिठात घालायला आपल्याकडे अनेक वर्षं परवानगी होती. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेडचे नमुने तपासून अहवाल दिला, गदारोळ झाला आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते यादीतून काढून टाकलं. कुणीतरी तपासलं म्हणून हे घडलं.

रंगांचंही तसंच. भारतात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. त्यांतल्या १०२, ११०, १२२ आणि १२४ या चार रंगांवर युरोपीय संघात २०१० पासून 'मुलांच्या लक्ष आणि वागण्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो' अशी सूचना छापावी लागते. आपल्या गोळ्या-बिस्किटांवर फक्त नंबर असतो. आणि गाडीवर तर तोही नसतो. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवरच बंदी घातली. अस्वच्छता आणि भडक रंग ही कारणं होती. त्याच मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि बुड्ढी के बाल यांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. तपासणीत रोडामाइन-बी सापडलं होतं. हा तर खाण्याचा रंगच नव्हे, तो कापड रंगवायला वापरतात.

गोबी खाल्ली मी
दोन दिवस झाले
नखं लालच

खरा चोर कोण?

आता पुन्हा बाबांच्या सुपाकडे येऊ. घटकपदार्थांत ६२१ दिसल्याबरोबर मी ओरडले, 'सापडला!' काकांनी ग्रुपवर टाळ्यांचे सहा इमोजी टाकले. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की मी चुकीचा माणूस पकडलाय.

मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सोडियम असतं साधारण १२ टक्के. साध्या मिठात ते ३९ टक्के. आणि सुपाच्या पाकिटात मीठ घटकांच्या यादीत ६२१ च्या कितीतरी वर होतं. यादीचा नियम असा, की जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं. म्हणजे बाबांच्या बीपीचा मुख्य आरोपी कुणी परका, नंबरवाला पदार्थ नव्हताच. आपलं घरचं, ओळखीचं मीठ होतं. फक्त ते आपण घातलेलं नव्हतं, म्हणून मोजलं गेलं नाही.

मग हिशोब मांडला. आमच्या पाकिटावर एका कपाला ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम. बाबा घेतात दोन कप. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. म्हणजे तीन ग्रॅमहून जास्त मीठ, एकट्या सुपातून. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला सांगितलेली दिवसाची मर्यादा आहे पाच ग्रॅमच्या आत. आई आमटीतून चिमूट-चिमूट मीठ काढत होती आणि संध्याकाळी सात वाजता ते वाटीने परत येत होतं.

मी हे जेवताना सांगितलं. बाबा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे दोन वर्षं मी ती भाजी उगाच खाल्ली?' आम्ही सगळे हसलो. पण आईचा चेहरा उतरला होता. सुपाची पाकिटं तीच आणत होती, त्यावर टोमॅटोचा मोठा फोटो आणि हिरवं पान बघून.

इथे मला माझ्या पहिल्या हायकूची लाज वाटली. पाकिटावर विनोद करणं सोपं असतं, कारण तो विनोद शेवटी फिरून आईवरच येतो. 'घरचं ताजं' खायचं सगळ्यांना असतं, ते पहाटे उठून करायचं मात्र एकीने. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर माझ्या कागदाच्या खाली आईच्या अक्षरात उत्तर होतं:

सात-चारची
लोकल गाठायची
पेस्टच बरी

मोजून बघा, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

ठिपका कळतो, मग मीठ का नाही?

आता तुम्ही म्हणाल, माहिती तर छापलेली होती, वाचली नाही ही चूक तुमची. अर्धं बरोबर आहे. पण छापणं आणि सांगणं यांत फरक असतो. पाकिटाची पुढची बाजू जाहिरातवाल्यांची असते आणि मागची कायद्याची. आपण खरेदी पुढची बाजू बघून करतो.

नाचणी मोठी
पाकिटावर फक्त
आत मैदाच

आणि लेबल सगळ्यांना कळेल असं करायचं कसं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. हिरवा ठिपका आठवा. शाकाहारी म्हणजे हिरवा ठिपका. माझी आजी इंग्रजी वाचत नाही, पण ठिपका दुकानाच्या पायरीवरून ओळखते. भिंग लागत नाही, झूम करावं लागत नाही. मग मीठ, साखर आणि चरबी जास्त असल्याचं चिन्ह तसंच पुढच्या बाजूला का नाही?

हाच वाद देशात गेली काही वर्षं चाललाय. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मसुदा काढला. त्यात फ्रिजला किंवा एसीला देतात तसे तारे पाकिटाला द्यायची कल्पना होती. आरोग्य क्षेत्रातल्या अनेकांनी विरोध केला. कारण ताऱ्यांच्या गणितात फळं, सुकामेवा, तंतू यांचे गुण मिळतात आणि साखर-मिठाचे वजा गुण त्यात झाकले जाऊ शकतात. पोरगं गणितात नापास, पण चित्रकलेच्या मार्कांवर एकूण टक्के बरे, तसं काहीसं. त्यांची मागणी थेट इशाऱ्याची आहे. चिलीने २०१६ पासून हेच केलं. मीठ, साखर, चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असले, की पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन.

२०२४ च्या जुलैमध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मान्यता दिली. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलाबाबत तीन महिन्यांत शिफारशी पक्क्या करा, असं सांगितलं. ती मुदत पुढे सरकली. आमच्या घरात दरम्यान गोळी वाढली.

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. असे इशारे आले तर आपला चिवडा, शेव, लोणचं, पापड सगळ्यांवरच काळे शिक्के बसतील. बचत गटातल्या बायकांचा धंदा बसेल आणि वर तपासणीचा खर्च. मला यातला खर्चाचा मुद्दा पटतो. छोट्या उत्पादकांना त्यासाठी मदत आणि वेळ द्यायलाच हवा. पण लोणच्याचा मुद्दा मला तितका पटत नाही. लोणचं खारट असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून ते ताटात डाव्या बाजूला, बोटभर असतं. इशारा लागतो तो जे खारट लागत नाही आणि तब्येतीचं म्हणून विकलं जातं त्याला. सुपाला. नाचणीच्या बिस्किटाला. 'डाएट' चिवड्याला.

आणि नावं बदलायला लावता येतात, हे नुकतंच दिसलं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या कप्प्यातून काढायला सांगितलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साखर घातलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी आली. त्यासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं भांडत होत्या. जुलाब झालेल्या बाळाला आई विश्वासाने जे पाजते, ते खरंच औषध असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आठ वर्षं लागली, पण झालं.

तोपर्यंत आपण काय करायचं?

हॉस्टेलच्या खोलीत किंवा घरात, हाताशी असेल ते पाकीट घ्या आणि पलटा. हायकूसारख्या तीनच ओळी वाचा.

पहिली ओळ, यादीतले पहिले तीन घटक. पाकिटाचा बहुतेक ऐवज तोच असतो. 'मल्टिग्रेन'च्या यादीत पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल, तर नाव काहीही असो.

दुसरी ओळ, सोडियम आणि साखर. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वेळच्या खाण्याचा, हे आधी बघा. मग स्वतःला खरं सांगा, की पाकीट चार जणांचं म्हणतंय आणि रात्री दोन वाजता ते संपवणारे तुम्ही एकटे आहात.

तिसरी ओळ, नंबर. घाबरू नका, पण विचारा. हा कोण आणि इथे कशाला आलाय? गोबीला लाल रंग लागतो कुणासाठी? आजीचा प्रश्न पाठ करा, पुष्कळ कामाला येतो. पाकिटावर खोटा दावा आढळला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

आणि बीपी, शुगर हे 'आईबाबांचे विषय' आहेत असं समजू नका. महिन्याच्या शेवटी नूडल्सवर जगणारे आपण आहोत, परीक्षेच्या रात्री एनर्जी ड्रिंक पिणारेही आपणच.

आमच्याकडे आता रविवारी सूप बाबा करतात. स्वतः टोमॅटो उकडतात, मिक्सरमधून काढतात, गाळतात आणि ओट्यावर जो काही रंगपंचमीचा प्रकार होतो तो आईच पुसते, यात अजून बदल नाही. सोमवार ते शनिवार सूप बंद आहे, चणे-फुटाणे सुरू आहेत. काकांनी ग्रुपवर नवीन मेसेज टाकलाय, या वेळी सैंधव मिठाबद्दल. पुढची बीपीची तपासणी येत्या शनिवारी आहे. आकडा काय येईल ठाऊक नाही. फ्रिजवर शेवटचा कागद सध्या हा आहे:

सूप घरचं
बाबा विचारतात
मीठ कुठंय?